'प्रारंभी शब्द होता' : हा शब्द म्हणजे काय, की कोण?

वसईचा_वाटसरू

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, लूकचं शुभवर्तमान (येशूच्या चरित्राचं बायबलमधलं पुस्तक) वाचतात. गोठा, मेंढपाळ, देवदूतांचं गाणं, सगळं त्यात येतं. दिवसाच्या मिस्सेचं वाचन मात्र अगदी वेगळं असतं: योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातली पहिली अठरा वचनं. त्यात बाळ नाही, गोठा नाही, मरियाही नाही. 'प्रारंभी शब्द होता' इथून सुरुवात. लहानपणापासून दरवर्षी ऐकूनसुद्धा हा 'शब्द' म्हणजे काय, असं विचारलं तर आमच्यातले बरेच जण गप्प होतात. ख्रिस्ती नसलेले मित्र तर हमखास विचारतात. म्हणून हा धागा.

मला आजवर मिळालेली उत्तरं साधारण तीन प्रकारची आहेत. शब्द म्हणजे बायबल. शब्द म्हणजे देवाची आज्ञा, जिच्यामुळे जग झालं. शब्द म्हणजे आदिनाद, आपल्या ओंकारासारखा. तिन्हींत थोडं थोडं तथ्य आहे, पण योहानाला जे म्हणायचंय ते तिन्हींच्या हातून निसटतं.

आधी मागे जाऊ. योहान ज्या परंपरेत वाढला ती यहुदी. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव हाताने काही घडवताना दिसत नाही, तो बोलतो आणि होतं. स्तोत्र ३३ म्हणतं की परमेश्वराच्या शब्दाने आकाश निर्माण झालं. यशयाच्या ५५व्या अध्यायात देव म्हणतो की पाऊस आणि हिम जसे जमीन भिजवल्याशिवाय, पीक उगवल्याशिवाय परत जात नाहीत, तसं माझ्या तोंडून निघालेलं वचन रिकामं परतत नाही. संदेष्ट्यांच्या पुस्तकांत तर पानोपानी 'परमेश्वराचे वचन मला प्राप्त झाले' असं येतं. हे वचन नुसतं बोलणं नाही, ती कृती आहे. देव बोलला की काहीतरी घडतंच.

त्याच्या शेजारी आणखी एक धागा आहे. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात 'ज्ञान' एखाद्या व्यक्तीसारखं बोलतं: देवाने आकाश स्थापलं तेव्हा मी तिथे होते, मी त्याच्यापाशी कुशल कारागिरासारखी होते. येशूच्याच काळात अलेक्झांड्रियात फिलो नावाचा यहुदी विद्वान होता. त्याने शास्त्र आणि ग्रीक तत्त्वज्ञान यांची सांगड घालत देवाच्या या शब्दाला, ग्रीकात 'लोगोस', देवाचा 'ज्येष्ठ पुत्र' म्हटलं, एके ठिकाणी तर 'दुसरा देव'सुद्धा. ग्रीकांकडे हेराक्लिटस या तत्त्वज्ञापासून स्टोइक पंथापर्यंत विश्वाला आतून धरून ठेवणारं सूत्र म्हणून हीच 'लोगोस' संज्ञा चालत आली होती. म्हणजे योहानाने लिहायला घेतलं तेव्हा हा शब्द यहुदी आणि ग्रीक, दोन्ही कानांना ओळखीचा होता. पहिली तेरा वचनं वाचून फिलोला फारसं खटकलं नसतं, असं मला वाटतं.

मग येतं चौदावं. 'शब्द देही झाला.' मूळ ग्रीकात 'देह' साठी जो शब्द आहे तो मांसासाठीचाच आहे, भूक लागणाऱ्या, जखम होणाऱ्या, मरणाऱ्या शरीराचा. आणि 'त्याने आमच्यामध्ये वस्ती केली' याचा शब्दशः अर्थ 'आमच्यात तंबू ठोकला'. रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांच्या छावणीत देवाचा निवासमंडप असायचा, त्याचा हा स्पष्ट उल्लेख आहे. निर्गमाच्या शेवटी त्या मंडपात देवाचं तेज इतकं भरतं की मोशेलाही आत जाता येत नाही. योहान म्हणतो, तेच तेज आम्ही पाहिलं, एका माणसाच्या रूपात. योहानाच्या पहिल्या पत्राची सुरुवात याहून थेट आहे: जे आम्ही ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं, हातांनी चाचपलं, ते जीवनाच्या शब्दाविषयी सांगतो.

हाताने चाचपलेला शब्द! ख्रिस्ती श्रद्धेचा सगळा भार या एका दाव्यावर आहे. शब्द हा विचार, नाद किंवा ग्रंथ राहत नाही, तो 'कोण' होतो. त्याला आई आहे, गाव आहे, सुतारकामाचा धंदा आहे. आमच्या वसईच्या देवळांत आंजेलुसची घंटा होते तेव्हा म्हणायच्या प्रार्थनेत हेच वाक्य आहे, 'आणि शब्द देही झाला'. सकाळ, दुपार, संध्याकाळ, दिवसातून तीनदा. इतक्या वेळा म्हणतो त्याचा अर्थ एकमेकांशी बोलून तरी बघू या. सगळ्यांनी लिहा, मतभेद असतील तर जरूर लिहा.

---

शब्दवेधी

फार सुंदर लिहिलंत. मी ज्ञानेश्वरीचा वाचक, ख्रिस्ती नाही. पण 'शब्द देव होता' हे वाचलं की मला पहिल्या अध्यायातली ओवी आठवल्याशिवाय राहत नाही:

हें शब्दब्रह्म अशेष ।
तेचि मूर्ति सुवेष ।
जेथ वर्णवपु निर्दोष ।
मिरवत असे ॥

माउलींनी गणेशाचं रूपच शब्दब्रह्माचं मांडलंय. स्मृती हे त्याचे अवयव, अठरा पुराणं हे त्याचे अलंकार. म्हणजे शब्दाला मूर्ती आली, देह आला. त्याच्याही आधी भर्तृहरीने वाक्यपदीयाच्या पहिल्याच कारिकेत सांगून ठेवलंय: 'अनादिनिधनं ब्रह्म शब्दतत्त्वं यदक्षरम्'. ज्याला आदी नाही, अंत नाही असं ब्रह्म शब्दस्वरूप आहे आणि त्यातूनच जगाचा व्यवहार उलगडतो. परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी या वाणीच्या चार पायऱ्या, अगदी सूक्ष्मापासून उच्चारलेल्या बोलण्यापर्यंतच्या, घेतल्या तर देवाच्या ठायी असलेला शब्द हळूहळू प्रकट होतो, हेही जुळतं. मग फरक राहिला कुठे? मला मनापासून वाटतं की पॅलेस्टाइनात आणि आळंदीत एकच सत्य दिसलं.

---

वसईचा_वाटसरू

शब्दवेधी, तुम्ही ओवी दिलीत याचा आनंद झाला. साम्य आहेच, ते नाकारणं अप्रामाणिकपणा होईल. दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकांनीही स्टोइकांकडून 'मनातला शब्द' आणि 'उच्चारलेला शब्द' हा भेद उचलला होता. अंतियोखियाचा बिशप थिओफिलस, साधारण इ. स. १८०, तो तर देवाच्या ठायी असलेला शब्द आणि निर्मितीसाठी बाहेर प्रकटलेला शब्द असंच मांडतो. तुमची परा आणि वैखरी तिथून फार लांब नाही.

आपल्या देशात हा पूल बांधायचा प्रयत्नही झालाय. ब्रह्मबांधव उपाध्याय या बंगाली ख्रिस्ती संन्याशाने १८९८ मध्ये 'वन्दे सच्चिदानन्दम्' हे संस्कृत स्तोत्र रचलं. सत् म्हणजे पिता, चित् म्हणजे पुत्र, आनंद म्हणजे पवित्र आत्मा. त्यात पुत्राला त्यांनी 'अनाहत शब्द' म्हटलंय.

तरीही दोन ठिकाणी वाटा वेगळ्या होतात. भर्तृहरीच्या त्याच कारिकेत पुढे 'विवर्ततेऽर्थभावेन' आहे. शब्दतत्त्वच पदार्थांच्या रूपाने भासतं. योहानाकडे जग हे शब्दाचं भासमान रूप नाही. ते शब्दाच्या द्वारे निर्माण झालेलं, शब्दापासून वेगळं असलेलं, खरंखुरं जग आहे. त्यामुळेच पुढचं वाक्य धक्कादायक ठरतं: निर्माण करणारा स्वतः निर्मितीत उतरतो. तुमच्या ओवीतली मूर्ती हे रूपक आहे, अतिशय देखणं. योहानाची मूर्ती रूपक नाही. तिला रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या कारकिर्दीत खिळे ठोकले गेले.

दुसरी गोष्ट तुम्हीच बोललात त्यातून निघते. चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिन, त्याला अगदी तुमच्यासारखाच अनुभव आला होता. बाप्तिस्म्याआधी मिलानमध्ये त्याच्या हाती प्लेटोच्या परंपरेतले ग्रंथ आले. 'कबुली' या आपल्या आत्मकथनाच्या सातव्या भागात तो लिहितो की प्रारंभी शब्द होता, शब्द देव होता, सगळं त्याच्या द्वारे झालं, हे सगळं मला तिथे सापडलं, शब्द वेगळे असले तरी आशय तोच. पण शब्द देही झाला, हे मात्र तिथे सापडलं नाही. सोळाशे वर्षांपूर्वी त्याने बोट ठेवलं ती जागा आजही तीच आहे.

---

नगरचा_भाविक

नमस्कार मंडळी. मी प्रॉटेस्टंट मंडळीतला. वाटसरूंच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य मला जरा बोचलं. 'शब्द म्हणजे बायबल' हे उत्तर अपुरं आहे असं त्यांनी म्हटलं. आमच्याकडे पाळक पवित्र शास्त्र उघडून 'आता देवाचे वचन ऐकू या' म्हणतात, तेव्हा ती नुसती बोलायची पद्धत नाही. इब्री लोकांस पत्रात लिहिलंय की देवाचं वचन सजीव आहे, दुधारी तलवारीहून तीक्ष्ण आहे. आमच्या भागात कित्येक कुटुंबांच्या घरात पहिलं पुस्तक आलं ते बायबल. माझी आजी अक्षर ओळखायला शिकली ती योहानाच्या शुभवर्तमानावर बोट ठेवून. त्या बोटाखाली देव बोलतोय, हा तिचा विश्वास होता आणि माझाही आहे.

तेव्हा वचन आणि शब्द यांची ताटातूट कृपया करू नका.

---

मेघना_ईवि

नगरचे दादा, तुमच्या आजींबद्दल वाचून फार बरं वाटलं. मी पुण्यात ईश्वरविज्ञान शिकते, म्हणून मध्ये लिहायचं धाडस करतेय. तुमचं आणि वाटसरूंचं म्हणणं एकत्र बसवणारी मांडणी तुमच्याच परंपरेत आहे. स्विस विचारवंत कार्ल बार्थ यांनी १९३२ साली देवाच्या शब्दाची तीन रूपं सांगितली: प्रकट झालेला शब्द म्हणजे स्वतः येशू ख्रिस्त, लिहिलेला शब्द म्हणजे शास्त्र, आणि घोषित केलेला शब्द म्हणजे मंडळीतला उपदेश. शास्त्र आणि उपदेश हे देवाचा शब्द ठरतात ते पहिल्याकडे बोट दाखवतात म्हणून.

ही नुसती वर्गातली विभागणी नव्हती. १९३४ मध्ये जर्मनीत हिटलरच्या राजवटीला सोयीचा ख्रिस्ती धर्म उभा करणारे लोक चर्चमध्ये वरचढ होत होते. राष्ट्र, वंश आणि नेता यांच्यातूनही देव बोलतो, असं ते सांगत. त्यांच्याविरुद्ध बार्मेन इथे जो जाहीरनामा निघाला त्याच्या मसुद्यात बार्थ यांचाच मुख्य हात होता. त्याचं पहिलं कलम म्हणतं की शास्त्रात ज्याची साक्ष आहे तो येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द, जगताना आणि मरताना त्याचंच ऐकायचं. 'शब्द कोण?' या प्रश्नाचं उत्तर तिथे नोकरी, तुरुंग आणि जिवाशी जोडलेलं होतं.

कॅथलिक बाजूही याहून फार वेगळी नाही. २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी लिहिलं की ख्रिस्ती धर्म हा ग्रंथाचा धर्म नाही, तो देवाच्या शब्दाचा धर्म आहे, मुक्या लिखित शब्दाचा नाही तर देहधारी, जिवंत शब्दाचा.

---

साशंक

मी निरीश्वरवादी आहे, पण विषय आवडला म्हणून सगळं वाचलं. प्रामाणिक शंका विचारतो. 'शब्द देवाबरोबर होता' आणि 'शब्द देव होता'. बरोबर असायला दोन लागतात. मग देव दोन झाले की नाही? आमच्या इमारतीत 'यहोवाचे साक्षीदार' या पंथाचे लोक येतात. ते म्हणाले की मूळ ग्रीकात 'शब्द एक देव होता' असं आहे, म्हणजे देवापेक्षा कमी दर्जाचा. इंटरनेटवर शोधलं तर एरियस नावाच्या माणसाचंही असंच काहीसं मत होतं असं दिसलं. मला तरी एरियसचंच तर्कशुद्ध वाटतं. त्याला चूक का ठरवलं? बहुमताने?

---

मेघना_ईवि

साशंक, प्रश्न अगदी मुळावरचा आहे. जरा लांब लिहिते.

व्याकरणाचं आधी. ग्रीकात त्या वाक्यात 'देव' या शब्दाला उपपद, म्हणजे इंग्रजीतल्या 'द'सारखा शब्द, नाही हे खरं. पण त्या भाषेत असं विधेयपद क्रियापदाच्या आधी येतं तेव्हा ते बहुधा उपपदाशिवायच येतं आणि स्वरूप सांगतं. 'शब्द जे आहे ते देवच आहे' असा रोख. योहान शब्दाला पित्याशी सरसकट एकही करत नाही, आणि खालच्या पायरीवरही बसवत नाही. शिवाय याच शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात थोमा येशूला 'माझ्या प्रभू, माझ्या देवा' म्हणतो, तिथे उपपद आहे. लेखकाने पहिल्या वाक्यात जे मांडलं ते शेवटी एका शिष्याच्या तोंडी घातलं.

आता एरियस. हा अलेक्झांड्रियातला लोकप्रिय धर्मगुरू, शास्त्राचा अभ्यासक. त्याची काळजी खरी होती: देव एकच, अजन्मा. मग पुत्र 'जन्मलेला' असेल तर त्याच्या जन्माआधी काहीतरी असणारच. त्याचं गाजलेलं वाक्य, 'तो नव्हता असं एकदा होतं.' आपण वर ज्याचा उल्लेख पाहिला तो नीतिसूत्रांचा आठवा अध्याय हाच त्याचा मोठा आधार. त्याच्या बायबलमध्ये, म्हणजे ग्रीक भाषांतरात, ज्ञान म्हणतं की परमेश्वराने मला 'निर्माण केलं'. गंमत अशी की हे वचन ख्रिस्ताबद्दलच आहे हे दोन्ही पक्षांना मान्य होतं. भांडण अर्थाचं होतं. एरियसने आपली मतं गाण्यांत बांधली, खलाशांसाठी, जात्यावर दळणाऱ्यांसाठी, वाटेच्या प्रवाशांसाठी.

३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने निकीया इथे परिषद बोलावली. आजच्या तुर्कस्तानातलं इझ्निक. सुमारे तीनशे बिशप आले. कैसरियाच्या युसेबियसने आपल्या मंडळीचा मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचं ठरावीक निवेदन, वाचून दाखवला, त्यात येशूला 'देवाचा शब्द' म्हटलं होतं. परिषदेने शेवटी जो मतांगीकार केला त्यात मात्र त्या जागी 'देवाचा पुत्र' आलं! ज्या शब्दावर हा धागा चाललाय तो निकीयाच्या मतांगीकारात नाही. मला यात मोठं शहाणपण दिसतं. नुसतं 'शब्द' म्हटलं तर कुणी त्याला देवाचा गुण मानेल, कुणी शक्ती, कुणी देवाच्या मनातली योजना. 'पुत्र' म्हटल्यावर व्यक्ती टळत नाही, नातं टळत नाही. आणि 'पित्याशी एकतत्त्व' हे शब्द घातल्यावर एरियसला पळवाट उरली नाही.

तुम्ही म्हणता एरियस तर्कशुद्ध होता. होता. पण अलेक्झांड्रियाच्या अथानासियसने वेगळाच प्रश्न विचारला. परिषदेला तो आपल्या बिशपाबरोबर डीकन, म्हणजे मदतनीस धर्मसेवक, म्हणून आला होता, ३२८ पासून स्वतः बिशप. त्याचं म्हणणं असं: शब्द जर स्वतःच निर्मित असेल, तर तो निर्मित माणसाला देवाशी जोडणार कसा? दोघंही दरीच्या एकाच काठावर उभे. आपण त्याच्या नावाने बाप्तिस्मा घेतो, त्याची आराधना करतो. तो देव नसेल तर इतकी वर्षं मंडळी मूर्तिपूजा करतेय. आणि तो देव असेल तर देव स्वतः आलाय, निरोप्याला पाठवून स्वतः वर थांबलेला नाही. देहधारणेवरच्या त्याच्या पुस्तकात ते प्रसिद्ध वाक्य आहे: आपल्याला दैवी करावं म्हणून तो मानव झाला.

'दोन देव का नाहीत' याला अथानासियसचं उत्तर सूर्य आणि त्याच्या तेजाचं. तेज सूर्याबरोबरच असतं, सूर्यापासून येतं, आणि सूर्य आधी मग तेज असं कधी होत नाही. पिता कधीच शब्दावाचून नव्हता. देव कधीकाळी मुका होता, असं म्हणायची तुमची तयारी आहे का, असा त्याचा रोकडा सवाल.

---

साशंक

मेघना, इतकं सविस्तर लिहिलंत, धन्यवाद. 'मुका देव' हा युक्तिवाद मी पहिल्यांदाच ऐकला आणि तो मला विचारात पाडतोय. तरी सम्राटाने परिषद बोलावली म्हणजे निकाल राजकीय होता, हा आक्षेप उरतोच ना?

---

मेघना_ईवि

राजकारण होतंच, भरपूर. पण ते उलट्या दिशेनेही वाहत होतं. ज्या कॉन्स्टंटाइनने निकीया बोलावली त्यानेच ३३५ मध्ये अथानासियसला पार ट्रीयरला हद्दपार केलं. ३३७ मध्ये मृत्युशय्येवर त्याने बाप्तिस्मा घेतला तो एरियसच्या बाजूच्या बिशपाकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टँटियस तर उघड निकीयाविरोधी. अथानासियस एकूण पाच वेळा हद्दपार झाला, सतरा वर्षं गेली त्यात. पुढची पन्नास वर्षं बराच काळ सत्ता एरियसला जवळच्या पक्षाकडे होती. निकीयाचा मतांगीकार टिकला तो ३८१च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेपर्यंत तग धरलेल्या लोकांमुळे.

आणि हे फक्त बिशपांचं भांडण नव्हतं. निस्साचा बिशप ग्रेगरी कॉन्स्टँटिनोपलच्या रस्त्यांचं वर्णन करतो: सुट्टे पैसे मागा, तर सराफ जन्मलेला आणि अजन्मा यावर बोलू लागतो. पावाचा भाव विचारा, तर उत्तर येतं की पिता मोठा, पुत्र लहान. न्हाणीघर तयार आहे का विचारा, तर सांगतात की पुत्र शून्यातून झाला. ग्रेगरी वैतागून लिहितोय, पण मला ते वाचताना हेवा वाटतो.

---

मिरजेची_मुलगी

मी मुस्लिम घरातली. सगळ्यांचं वाचत होते, एक भर घालते. कुराणातही हजरत ईसांना अल्लाहचा 'कलिमा' म्हटलंय, म्हणजे शब्दच. आल-इम्रानमध्ये (३:४५) आणि निसामध्ये (४:१७१) आहे. निसाच्या त्याच आयतीत लगेच 'तीन म्हणू नका' असंही आहे. आमच्याकडे कलिमा याचा अर्थ असा घेतात की 'हो' या हुकुमाने त्यांचा बापाविना जन्म झाला.

पण मेघनांची एरियसवाली पोस्ट वाचताना मला आमच्या इतिहासातली मोठी चर्चा आठवली. कुराण हे अल्लाहचं बोलणं, मग ते निर्मित की अनादी? मुअतझिला पंथाचे लोक म्हणत निर्मित, नाहीतर अल्लाहबरोबर दुसरं काहीतरी अनादी मानावं लागेल. खलिफा मामूनने ८३३ मध्ये काझी आणि आलिमांची चौकशी लावली. इमाम अहमद इब्न हंबल बधले नाहीत, त्यांनी तुरुंग आणि फटके सोसले. शेवटी सुन्नी मुख्य प्रवाहाने अनादी हेच धरलं. प्रश्नाची घडण किती सारखी आहे बघा.

---

वसईचा_वाटसरू

मिरजेच्या ताई, फार मोलाची भर घातलीत. त्यातून एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. सर्वसाधारणपणे लोक कुराण आणि बायबल शेजारी शेजारी ठेवतात. पण तुमच्या श्रद्धेत कुराणाची जी जागा आहे, देवाचं अनादी बोलणं जगात उतरलं ही, ती आमच्याकडे बायबलची नाही, येशूची आहे. आठव्या शतकात दमास्कसचा योहान मुस्लिम राज्यात राहून हाच मुद्दा वादात घ्यायचा: ईसा हा देवाचा शब्द असं तुम्हीच म्हणता, मग देव कधी शब्दावाचून होता का? म्हणजे अथानासियसचाच प्रश्न, नव्या शेजाऱ्यांना विचारलेला. तुमच्या आलिमांनी त्याला हुकुमाचं उत्तर दिलं, तेही मला समजतं.

---

कुपारी_पोर

मी जास्त शिकलेलो नाही, पण एक सांगतो. मिस्सेत मतांगीकार म्हणताना 'पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने देह धारण केला' या वाक्याला सगळे मान वाकवतात. नाताळला आणि देवदूताने मरियेला निरोप दिल्याच्या २५ मार्चच्या सणाला तर गुडघे टेकतात. आमचे आजोबा गुडघ्याचं दुखणं असूनही बाकाला धरून खाली बसायचेच. का ते कुणी सांगितलं नव्हतं. आज वाटसरूंचं चौदाव्या वचनाबद्दल वाचून कळलं.

---

शब्दवेधी

मी दोन दिवस विचार करत होतो. वाटसरू, विवर्ताचा मुद्दा मान्य. ऑगस्टिनची साक्षही वजनदार आहे. पण त्यातूनच एक नवी अडचण निघते. शब्द अनादी आहे, देवस्वरूप आहे. मग खिळे कुणाला ठोकले? शब्द दुखावला का? की फक्त येशू नावाच्या माणसाला वेदना झाल्या आणि शब्द आत अलिप्त राहिला? गीतेतल्या आत्म्याला शस्त्र छेदत नाही. तुमच्या शब्दाला छेदलं का?

---

मेघना_ईवि

शब्दवेधी, पाचव्या शतकात नेमक्या याच प्रश्नावरून फूट पडली. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस तुम्ही सांगितलेल्या दुसऱ्या पर्यायाच्या जवळ जायचा. मरियेला 'देवमाता' म्हणायला त्याचा विरोध होता, कारण देवाला आई कशी असेल? अलेक्झांड्रियाचा सिरिल म्हणाला, मग मरियेने कुणाला जन्म दिला? शब्दाने देह आपलासा केला, तेव्हा त्या देहाला झालेलं सगळं शब्दाचं झालं: जन्म, थकवा, मरण. ४३१च्या इफिस परिषदेने सिरिलची बाजू घेतली.

४५१ मध्ये खाल्केदोनच्या परिषदेने दोन्ही टोकं अडवली. देवत्व आणि मानवत्व एकाच व्यक्तीत, मिसळून न जाता, बदल न होता, विभागणी न होता, ताटातूट न होता. इजिप्तमधल्या कॉप्टिक आणि सीरियन मंडळींना ही भाषा पटली नाही, सिरिलपासून दूर गेल्यासारखी वाटली. केरळातल्या मलंकारा मंडळी त्याच परंपरेतल्या. आणि ५५३ मध्ये आणखी एका परिषदेने सरळ म्हटलं की देहात वधस्तंभावर खिळलेला प्रभू येशू हा त्रैक्यातला, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांतला, एक आहे.

तेव्हा उत्तर असं: देवत्वाला शस्त्र छेदत नाही, इथपर्यंत आपण बरोबर आहोत. पण ज्याला छेदलं तो 'कोण' होता असं विचारलं तर उत्तर 'शब्द' हेच. जो दुखावला जाऊ शकत नाही, त्याने दुखावलं जाणारं शरीर स्वतःचं करून घेतलं.

---

शब्दवेधी

हे पचायला वेळ लागेल, पण आता कळलं की तुम्ही कशाला धरून आहात. एकच शेवटचं. मग ज्ञानोबा-तुकोबांच्या शब्दांत या शब्दाचं काहीच नाही, असं तुम्ही म्हणाल का?

---

नगरचा_भाविक

याचं उत्तर मला देऊ द्या. ज्यांच्या भजनांवर आमच्या मंडळ्या वाढल्या ते रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यामुळे 'काहीच नाही' असं मी तरी म्हणणार नाही. मात्र पूल आणि पलीकडचा काठ एकच, असंही म्हणणार नाही. टिळक पुलावर थांबले नाहीत, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घरादाराची ताटातूट सोसली.

---

वसईचा_वाटसरू

नगरचे दादा, तुमच्याशी सहमत आहे, आणि एक पाऊल पुढे जातो. इ. स. १६५च्या सुमारास रोममध्ये शिरच्छेद झालेला ख्रिस्ती लेखक जस्टिन म्हणतो की शब्दाचं बीज सगळ्या मानवजातीत पेरलेलं आहे. जे शब्दाला धरून जगले ते ख्रिस्तीच, लोकांनी त्यांना नास्तिक ठरवलं असलं तरी. उदाहरणादाखल तो नावं घेतो सॉक्रेटिसचं आणि हेराक्लिटसचं. त्याला देहूची वाट माहीत असती तर त्याने तिसरं नाव घेतलं असतं, असं मी म्हणेन.

योहानाचं नववं वचनही तेच सांगतं, खरा प्रकाश प्रत्येक माणसाला प्रकाश देतो. 'प्रत्येक' म्हटलंय, बाप्तिस्मा घेतलेल्यांना नव्हे. आणि शब्दवेधी, त्याच्या पुढची दोन वचनं आम्हा ख्रिस्ती लोकांनी जास्त लक्ष देऊन वाचायला हवीत. तो जगात होता तरी जगाने त्याला ओळखलं नाही. तो स्वकीयांकडे आला आणि ज्यांनी त्याला घरात घेतलं नाही, ते त्याचे स्वतःचे लोक होते.